पुसणारा हात कोणाचा?

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण मराठीत सर्रास वापरतो. दिलेल्या वचनाला, मानलेल्या तत्त्वाला किंवा एखाद्या कायद्याच्या हेतूला कोणी निष्फळ केले, म्हणजे त्याने त्याला हरताळ फासला असे आपण म्हणतो. या शब्दांमागील मूळ क्रिया मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. पोथी लिहिताना अक्षर चुकले, की लेखक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई आणि तो वाळल्यावर त्यावरच शुद्ध अक्षर लिही. हरताळ हे आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज. त्याच्या पिवळ्या पापुद्र्याखाली काय होते, हे विचारण्याचे वाचकाला कारण नसे आणि ते जाणून घेण्याचे साधनही नसे. लिहिणाऱ्याने ‘हे माझे म्हणणे नव्हे’ असे सांगितले आणि वाचणाऱ्याने ते मानले, असा हा शतकानुशतकांचा मूक करार होता.

हा करार वाचकाच्या सौजन्यावर किती उभा होता आणि त्याच्या असमर्थतेवर किती, हे आजवर तपासून पाहण्याची वेळ आली नव्हती. ती आता आली आहे. क्ष-किरणांच्या नव्या शोधकांनी, म्हणजे सिलिकॉनसारख्या अर्धवाहक स्फटिकांपासून बनविलेल्या डिटेक्टरांनी, खोडलेली, खरवडलेली आणि रंगाखाली बुजलेली अक्षरे वाचण्याचे सामर्थ्य माणसाच्या हाती दिले आहे. तेव्हा जे खोडले गेले ते वाचता येते, एवढ्यावरून ते वाचण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो काय, हा प्रश्न आता केवळ काल्पनिक राहिलेला नाही. त्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या साधनाची ओळख करून घेणे इष्ट होईल; कारण माझ्या मते प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा त्या साधनाच्या रचनेतच आहे. क्ष-किरण एखाद्या अणूवर आदळला, की त्याच्या अगदी आतल्या कक्षेतील एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. ती रिकामी जागा वरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन खाली उतरून भरून काढतो आणि त्या उतरणीत सुटलेली ऊर्जा नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ साली तिचा नियम दाखवून दिला. लोखंडाचा किरण सुमारे ६,४०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, तांब्याचा सुमारे ८,०५० चा, जस्ताचा सुमारे ८,६४० चा. म्हणजे बाहेर येणारा किरण आपल्या मूलद्रव्याचे नाव सांगतच येतो. ते ऐकणारा कान तेवढा हवा.

रंटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले तेव्हा तो कान नव्हता. छायाचित्राची काच होती. काचेवर पडलेले सारे किरण एकत्र होऊन तिला काळे करतात. कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले, हे ती सांगू शकत नाही. नाण्यांची थैली वजनावर घ्यावी तसा हा प्रकार. सिलिकॉनचा स्फटिक मात्र जुन्या पोतदारासारखा प्रत्येक नाणे स्वतंत्रपणे पारखतो. त्यात शिरलेला किरण आपली ऊर्जा खर्च करताना दर सुमारे ३·६ इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. लोखंडाचा किरण असेल तर असे सुमारे १,७५० इलेक्ट्रॉन सुटतात, तांब्याचा असेल तर सुमारे २,२००. ते मोजले की किरणाची ऊर्जा कळली आणि ऊर्जा कळली की मूलद्रव्य कळले.

हे मोजणे बोलण्याइतके सोपे नाही. दोन हजारांच्या आसपासचे इलेक्ट्रॉन म्हणजे विद्युतभाराचा अत्यल्प अंश. उपकरणाच्या स्वतःच्या कुरबुरीत तो सहज बुडून जातो. १९६० नंतरच्या काळातील लिथियममिश्रित सिलिकॉनचे शोधक ही कुरबूर शांत करण्यासाठी द्रवरूप नायट्रोजनने, शून्याखाली १९६ अंशांच्या थंडाईने, निववावे लागत. त्यामुळे ते प्रयोगशाळेला जखडलेले असत. एमिलिओ गात्ती आणि पावेल रेहाक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या कल्पनेने ही अडचण पुष्कळशी दूर केली. स्फटिकावर वर्तुळाकार पट्ट्या बसवून त्यांच्या विद्युतदाबाने इलेक्ट्रॉनांना आडव्या दिशेने वाहवत मध्यभागीच्या एका लहानशा बिंदूपाशी आणावयाचे, अशी ती युक्ती. गोळा करणारा बिंदू जितका लहान, तितकी कुरबूर कमी. या ‘ड्रिफ्ट’ शोधकाला थोडासा विजेचा थंडावा पुरतो आणि तो सेकंदाला लाखो किरणही मोजू शकतो. त्याच्या जोरावर हे यंत्र प्रयोगशाळेतून उठून ग्रंथागारात आणि चित्रशाळेत जाऊ शकले. २०२३ साली ते चंद्रावरही गेले. आपल्या ‘प्रज्ञान’ गाडीवरील क्ष-किरण वर्णपटमापकात याच जातीचा शोधक होता आणि दक्षिण ध्रुवाकडील मातीची घटकद्रव्ये त्याने ओळखली.

चंद्रावरील दगडाच्या बाबतीत आपला प्रश्न उद्भवत नाही. दगडाला काही झाकावयाचे नसते. जेथे कोणी तरी बुद्धिपुरस्सर काही झाकले आहे, तेथेच पाहण्याला नीती-अनीतीचा विचार चिकटतो. म्हणून अशाच एका प्रकरणाकडे वळू.

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत आणि स्वीडनचा सरदार आक्सेल फॉन फेर्सेन यांच्यात जून १७९१ ते ऑगस्ट १७९२ या काळात गुप्त पत्रव्यवहार झाला. राजकुटुंबाने पॅरिसमधून पळून जाण्याचा जो प्रयत्न वारेन येथे फसला, त्याची सिद्धता करण्यात फेर्सेनचा मोठा वाटा होता. राणी या पत्रांच्या काळात क्रांतिकारकांच्या पहाऱ्यात होती. ही पत्रे फेर्सेनच्या घराण्यात राहिली आणि १९८२ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय दफ्तरखान्याने ती विकत घेतली. त्यांतील कित्येक ओळी कोणी तरी गिरवून गिरवून बुजविल्या होत्या. त्या कोणी बुजविल्या? १८७७ साली ही पत्रे छापून काढणारा फेर्सेनच्याच कुळातला बॅरन क्लिंकोव्स्ट्रम याच्यावर पुष्कळांचा संशय होता. घराण्याची अब्रू राखण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील एखाद्या वंशजाने हे करावे, हे संभवनीयही होते.

मायफळ आणि हिराकस यांपासून बनविलेली शाई त्या काळी युरोपभर वापरात होती. हिराकस म्हणजे लोहाचे लवण. पण ते शुद्ध क्वचितच असे. त्यात तांबे आणि जस्त यांचे कमीअधिक प्रमाण मिसळलेले असे आणि ते शाईगणिक बदले. लिहिणाऱ्याची शाई वेगळी आणि खोडणाऱ्याची वेगळी असेल, तर डोळ्यांना दोन्ही सारखीच काळी दिसली तरी सिलिकॉनच्या स्फटिकाला त्या निराळ्या दिसतात. फ्रेंच संशोधकांनी या पत्रांवरून बिंदूबिंदूने क्ष-किरणांची शलाका फिरविली, प्रत्येक बिंदूपाशी लोखंड, तांबे, जस्त यांची मोजदाद केली आणि ती आकड्यांची जाळी पुन्हा चित्ररूपाने मांडली. वरची शाई वजा झाली. खालची अक्षरे उभी राहिली. २०२१ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या १५ पत्रांपैकी ८ पत्रांतील मजकूर उलगडला. उरलेल्यांत दोन्ही शाया इतक्या सारख्या निघाल्या की भेद करता आला नाही. उलगडले ते राजकीय कारस्थान नव्हते. ते जिव्हाळ्याचे आणि प्रेमाचे शब्द होते. खोडणारा कोण, हेही त्याच परीक्षेतून ठरले. खोडण्याची शाई फेर्सेनने स्वतः लिहिताना वापरलेल्या शाईशी जुळली. वंशज निर्दोष ठरला. पुसणारा हात ज्याला पत्रे आली होती त्याचाच निघाला.

येथे आमच्या व्यवसायातील माणसाला एक पेच दिसतो. ही ओळ वाचावी की नाही, हे ती कोणी पुसली यावर अवलंबून आहे असे आपण क्षणभर मानू. वंशजाने पुसली असेल, तर त्याने दुसऱ्याचे बोलणे दाबले. ते पुन्हा प्रकट करणे म्हणजे न्यायच. ज्याचे ते पत्र त्यानेच पुसली असेल, तर ती त्याची इच्छा. परंतु पुसणारा कोण, हे तर वाचण्याच्या यंत्रानेच कळले! म्हणजे आत शिरण्याची परवानगी आहे की नाही, हे आत शिरल्यावाचून कळत नाही काय? न्यायालयांना हा पेच अपरिचित नाही. एखादा कागद गोपनीय आहे म्हणून तो दाखविण्यास पक्षकार हरकत घेतो, तेव्हा ती हरकत खरी की खोटी हे ठरविण्यासाठी पुष्कळदा न्यायाधीशालाच तो कागद पाहावा लागतो. तो पाहतो, पण एकटा पाहतो आणि हरकत खरी ठरली तर पाहिलेले मनात ठेवून कागद मिटून परत करतो.

या यंत्राच्या बाबतीत हा पेच त्याहूनही सुटसुटीतपणे सुटतो आणि तो ज्या रीतीने सुटतो तीच मला या साऱ्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. हे यंत्र दोन वेगळी कामे करते. एका बिंदूवर शलाका धरून तेथे कोणती मूलद्रव्ये किती आहेत, हे सांगणे हे पहिले काम. त्याला वर्णपट घेणे म्हणतात. असे सहस्रावधी बिंदू जोडून चित्र उभे करणे हे दुसरे. वर्णपट सांगतो ‘हे कशाचे आहे’. चित्र सांगते ‘येथे काय लिहिले आहे’. खोडणाऱ्या रेघा अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेवरूनही जातात. तेथील एका बिंदूचा वर्णपट घेतला, तर खोडणाऱ्याच्या शाईची ओळख पटते आणि खालचे एक अक्षरही वाचले जात नाही. म्हणजे पुसणारा हात कोणाचा, हा प्रश्न काय पुसले या प्रश्नाच्या आधी आणि त्याहून वेगळा विचारता येतो. ज्या साधनाने पेच निर्माण केला, त्यानेच तो सोडविण्याचा क्रमही हाती दिला आहे: आधी वर्णपट, मग चित्र. हा क्रम पाळण्याची सक्ती यंत्र करीत नाही. ती आपण स्वतःवर करावयाची आहे.

आता मूळ प्रश्न. पुसणाऱ्याच्या हाताला इतके महत्त्व का द्यावे? पुसणे हीही एक कृती आहे, किंबहुना ते एक बोलणेच आहे, म्हणून. कायद्याने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली आहे. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ याच्या ७१ व्या कलमात असे म्हटले आहे, की मृत्युपत्र यथाविधि पूर्ण झाल्यानंतर त्यात साक्षीदारांविना केलेली खाडाखोड निष्फळ होय; मात्र त्या खाडाखोडीमुळे जे शब्द वाचण्याजोगे राहिले नसतील, तेवढ्यापुरती ती परिणामकारक ठरते. इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्यातही याच आशयाची तरतूद आहे. पण वाचण्याजोगे म्हणजे कोणाला आणि कशाने? तेथील न्यायालयांनी भिंग लावून किंवा कागद उजेडाला धरून वाचता येते ते वाचता येण्याजोगे मानले. परंतु १९५० साली ‘इटर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात असा प्रसंग आला, की मृत्युपत्र करणाऱ्या बाईने आकड्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटविल्या होत्या आणि अवरक्त किरणांच्या छायाचित्राने खालचे मूळ आकडे दिसत होते. ते आकडे मूळ दस्तऐवजावर ‘दिसतात’ असे म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. कारण जे वाचले जात होते तो तो दस्तऐवज नव्हे, त्यापासून तयार केलेला दुसराच दस्तऐवज होता. त्या आकड्यांना न्यायालयाने अखेर जे स्थान दिले ते वेगळ्या तत्त्वावर: बाईला जुनी देणगी नुसती रद्द करावयाची नव्हती, तिच्या जागी नवी द्यावयाची होती. तिची इच्छा काय होती, याच प्रश्नापाशी न्यायालय शेवटी येऊन थांबले.

हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. तथापि नीतीच्या प्रश्नाला तो पुरा पडत नाही. कायदा विचारतो, दिसते काय. आपण विचारीत आहोत, पाहावे काय. साधन साधे की अवघड यावर पाहण्याची योग्यता ठरत नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आन फ्रांक या मुलीने सप्टेंबर १९४२ मध्ये आपल्या रोजनिशीत दोन पाने लिहिली आणि नंतर ती तपकिरी कागद चिकटवून झाकून टाकली. २०१८ साली ती वाचली गेल्याचे अॅमस्टरडॅममध्ये जाहीर करण्यात आले. त्यासाठी क्ष-किरण लागले नाहीत. पानांमागून प्रकाश टाकून काढलेली छायाचित्रे आणि गणकयंत्राची मदत पुरली. पानांवर निघाले ते तेरा वर्षांच्या मुलीचे कुतूहल: काही चावट विनोद आणि स्त्री-पुरुष संबंधांविषयीचा मजकूर. उजेडाला धरून वाचणे हे साधन इतके साधे, की जुनी न्यायालये त्याला हरकत घेती ना. पण कागद तिने स्वतः चिकटविला होता. पुढे १९४४ साली, रोजनिशी प्रसिद्ध करावी या विचाराने ती पुन्हा लिहून काढू लागली. म्हणजे काय ठेवावे आणि काय वगळावे, याचा निर्णय घेणारी ती लेखिका होती. ही पाने वाचल्याने तिच्या प्रतिमेला बाध येत नाही, असे समर्थन करण्यात आले. बाध येत नसेल. पण तो प्रश्न तिच्या कीर्तीचा झाला. प्रश्न तिच्या इच्छेचा होता.

याच्या दुसऱ्या टोकाला आर्किमिडीजची पोथी आहे. दहाव्या शतकात चर्मपत्रावर उतरलेले त्याचे ग्रंथ १२२९ साली खरवडून पुसण्यात आले आणि त्यांवर प्रार्थनापुस्तक लिहिले गेले. विसाव्या शतकात कोणी तरी काही पानांवर बनावट सोनेरी चित्रेही रंगविली. २००५ पासून कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे तीव्र क्ष-किरणांच्या शलाकेने त्या पानांवरील शाईतील लोखंड शोधण्यात आले आणि चित्रांखालची ग्रीक अक्षरे पुन्हा दिसू लागली. पुसणारा हात आर्किमिडीजचा नव्हता. त्याला चर्मपत्र हवे होते, ग्रंथाशी कर्तव्य नव्हते. येथे वाचणे म्हणजे हिरावलेली वस्तू मालकाला परत करण्यासारखे आहे. ते अयोग्य म्हणणारा शोधूनही सापडणार नाही.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक जात आहे. व्हान गॉगने १८८७ साली गवताचे एक चित्र काढले. २००८ साली हँबुर्ग येथील क्ष-किरणांच्या परीक्षेत त्याच्याखाली एका स्त्रीचा चेहरा आढळला. झाकणारा हात स्वतः चित्रकाराचाच होता. पण पैशाच्या टंचाईमुळे तो जुन्या कापडावरच नवे चित्र काढीत असे. येथे झाकण्यामागे लपविण्याचा हेतू दिसत नाही, काटकसरीचा दिसतो. म्हणून हात कोणाचा एवढेच विचारून भागत नाही; तो कशासाठी फिरला, हेही विचारावे लागते.

यावरून एक नियम मांडावासा वाटतो आणि तो पुराव्याच्या भाराचा नियम आहे. लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणी, स्वतःच्या सोयीसाठी किंवा दडपण्यासाठी, पुसले असेल, तर ते वाचू नये असे म्हणणाऱ्याने आपले म्हणणे शाबीत करावे. लिहिणाऱ्याने स्वतः, लपविण्याच्या हेतूने, पुसले असेल, तर वाचावे असे म्हणणाऱ्याने ते शाबीत करावे. आणि ‘मला कुतूहल आहे’ किंवा ‘यात कोणाचे नुकसान नाही’ एवढ्याने तो भार उतरला असे मानू नये. या कसोटीवर आनच्या पानांच्या बाबतीत तो भार उतरला, असे मला वाटत नाही.

याला दोन आक्षेप येतील. पहिला असा की मेलेल्या माणसाला कसली इच्छा आणि कसला खाजगीपणा? कायदाही हेच म्हणतो, असे दाखविता येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पण तो हक्क माणसाबरोबर संपतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली एका दिवंगत अभिनेत्याच्या प्रकरणात म्हटले. हे खरे. परंतु तोच कायदा मेलेल्या माणसाचे मृत्युपत्र रोज अंमलात आणतो. मृताची बदनामी त्याच्या आप्तांच्या भावना दुखविण्याच्या हेतूने केली, तर भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली तो गुन्हा होतो. मृताला दाद मागता येत नाही, एवढेच खरे आहे. ज्याला दाद मागता येत नाही त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न कायद्याचा उरत नाही म्हणूनच तो नीतीचा होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सत्य सर्वांचे असते. इतिहासाला दारे बंद करण्याचा अधिकार कोणालाही, मृताला तर नाहीच नाही. याही म्हणण्यात तथ्य आहे आणि कायद्याने तेही मान्य केले आहे. मिळकतीवर मृताचा हात अनंत काळ राहू नये म्हणून मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १४ व्या कलमाने त्याला मर्यादा घातली आहे: हयात माणसांचे आयुष्य आणि त्यानंतर एका अज्ञानाचे सज्ञान होणे, याहून पुढे मृताचे बंधन पोहोचत नाही. खोडलेल्या ओळीलाही अशी काही मुदत असावी, हे मला मान्य आहे. पण मुदत संपल्याने संपतो तो दुसऱ्याला अटकाव करण्याचा हक्क. त्याबरोबर वाचणाऱ्याची सभ्यता संपत नाही. दार बंद ठेवणारा पहारेकरी निघून गेला, तरी आत जाणाऱ्याने पादत्राणे बाहेर ठेवावयाची की नाही, हे त्यालाच ठरवावयाचे असते.

या कसोटीने फेर्सेनच्या पत्रांचा निकाल कसा लागतो? पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा, शब्दांवरील हक्क ज्याने लिहिले त्याचा, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १७४१ सालीच कवी पोपच्या पत्रांवरील खटल्यात प्रस्थापित झाले आहे. फेर्सेन राणीच्या शब्दांचा मालक नव्हता. तो त्यांचा विश्वस्त होता. त्याने ते झाकले ते बहुधा तिला जपण्यासाठी आणि स्वतःलाही जपण्यासाठी. पण राणी ऑक्टोबर १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेली आणि फेर्सेनला जून १८१० मध्ये स्टॉकहोमच्या रस्त्यात जमावाने ठार केले. ज्या धोक्यापासून जपावयाचे होते तो उरला नाही. विश्वस्ताचे प्रयोजन संपले. शिवाय वकिलाच्या नजरेला आणखी एक गोष्ट खटकते. नाहीसेच करावयाचे असते तर शेगडी जवळ होती. त्याने ओळी झाकल्या, पण पत्रे जाळली नाहीत. काहींच्या तर त्याने स्वहस्ते नकला केल्या होत्या. माणसाच्या हेतूचा अर्थ त्याच्या वर्तनावरून काढावा, असा आमचा नियम आहे. हे वर्तन विसर पडावा म्हणून धडपडणाऱ्याचे नाही; काही काळापुरते मिटून ठेवणाऱ्याचे आहे. म्हणून ही पत्रे वाचणाऱ्यांनी आपला भार उतरविला, असे माझे मत आहे. तोच मजकूर क्लिंकोव्स्ट्रमने खोडला असता, तर भार उलट्या बाजूला असता. आणि राणीने स्वतः खोडला असता, तर मी यापेक्षा पुष्कळ अधिक कारणे मागितली असती. तिन्ही प्रसंगी कागदावर दिसणारी काळी रेघ तीच. अर्थ मात्र प्रत्येक वेळी निराळा.

आपल्याकडील पोथ्यांविषयी दोन शब्द लिहून हा विचार पुरा करतो. हरताळातील आर्सेनिक या यंत्राला ओळखता येते. पण त्याखालचे काजळाच्या शाईचे अक्षर ते वाचू शकत नाही. काजळ म्हणजे कार्बन. त्याचा किरण इतका दुबळा, की तो हवेतच विरतो आणि स्फटिकापर्यंत पोहोचत नाही. अवरक्त प्रकाशापुढे मात्र काजळ लपत नाही. तेव्हा पोथीच्या लेखकाने केलेला मूक करार एका साधनापुढे टिकला तरी दुसऱ्यापुढे टिकणार नाही. पाठभेदांचा अभ्यासक तो लेप भेदून पाहील आणि बहुधा योग्यच करील. कारण नकलाकाराने झाकलेली असते ती चूक, गुपित नव्हे. परंतु उद्या हीच साधने घरोघरच्या पेट्यांतील पत्रांपर्यंत, कचेऱ्यांतील टिपणांपर्यंत पोहोचतील. तेथे ओळ खोडणारी माणसे आपल्या ओळखीची असतील. आई-वडिलांची, आजीची असतील. यंत्र चालविणाऱ्याने त्या वेळी पहिला बिंदू अक्षरावर न धरता खोडीच्या मोकळ्या टोकावर धरावा आणि पुसणारा हात कोणाचा हे कळल्यावर थोडे थांबावे. पुढे जावयाचे की नाही, हे सांगणारा कोणताही स्फटिक अद्याप कोणी घडविलेला नाही.